नेम

मराठीत ‘नेम’ हा एकच शब्द तीन घरी नांदतो. एकादशीचा नेम असतो, तो पाळायचा. दगडाचा किंवा बंदुकीचा नेम असतो, तो धरायचा. आणि पावसाचा, माणसाच्या मनाचा, एकूणच आयुष्याचा काही नेम नसतो. शब्दांच्या अर्थांविषयी वर्गात बोलताना हे उदाहरण आम्ही दोघांनीही आजवर अनेकदा दिले आहे आणि मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले आहे. मे २०२४ मध्ये हे तिन्ही अर्थ आमच्याच घरात, एकाच टेबलाभोवती येऊन बसले. त्याविषयी लिहावे की लिहू नये यावर आमच्यात बराच काळ वाद चालू होता. शेवटी दोघांनी मिळूनच लिहायचे ठरवले. आम्ही नवराबायको एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्या ठिकाणी आमचे एकमत नव्हते, तिथे तसे सांगूच.

धाकटा भाऊ (म्हणजे आमच्यातल्या एकीचा दीर) गेली वीस वर्षे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका लहान गावी राहतो. बायको तिथलीच. मुलगा अकरा वर्षांचा. सुट्टीत आम्ही महिनाभर त्यांच्याकडे गेलो होतो. पोहोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री जेवणे आटोपल्यावर भाऊ म्हणाला, “दादा, याच्या आजोबांना याला रायफल घेऊन द्यायची आहे. पॉइंट टू-टू. त्यांना त्यांच्या वडिलांनी बाराव्या वर्षी दिली होती. मी त्यांना सांगितलंय, दादा-वहिनी येणार आहेत, तेच ठरवतील. तू नको म्हणालास तर नको.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. प्रश्न साधा नव्हता आणि तो आम्हालाच का विचारला जात आहे, हे आमच्यातल्या एकाला पक्के ठाऊक होते. त्या रात्री उत्तर दिले नाही. “आधी बघू तर,” एवढेच म्हणालो.

आपल्याकडे मध्यमवर्गीय मराठी घरात बंदुकीचा आणि मुलाचा संबंध दोनच ठिकाणी येतो. एक दिवाळीत, टिकल्यांच्या पिस्तुलाशी. दुसरा जत्रेत, फळीवर टाचलेल्या फुग्यांशी. खेड्यात एखाद्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते, ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते आणि खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागते. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आणले. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला, पण परवान्याची चौकट राहिलीच. त्यामुळे बंदूक ही आपल्या मनात कायम दुसऱ्याची वस्तू असते, शिपायाची, दरोडेखोराची किंवा सिनेमातल्या ठाकुराची. भाषेतसुद्धा आपण ती दुसऱ्याच्याच खांद्यावर ठेवतो.

तिथे तसे नाही. मुलाला पहिली रायफल देणे ही त्या ग्रामीण भागात जवळजवळ मुंजीसारखी गोष्ट आहे. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की तिथल्या कित्येक शाळांना सुट्टी असते. शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी सरकारमान्य वर्ग करून परीक्षा द्यावी लागते. अकरा पूर्ण झाले की वर्गाला बसता येते, बाराव्या वर्षी परवाना मिळतो. आमच्या पुतण्याने तो वर्ग नुकताच पूर्ण केला होता आणि त्याचे प्रमाणपत्र फ्रीजवर, शाळेच्या वेळापत्रकाच्या शेजारी, चुंबकाने लावलेले होते.

या पहिल्या रायफलीचे माप ठरलेले असते, ०.२२ इंच. या मापाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८४५च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिराने दिवाणखान्यात बसून नेमबाजी करता यावी म्हणून अगदी बारीक काडतूस तयार केले. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी त्या कल्पनेवरून पॉइंट टू-टू शॉर्ट हे काडतूस आणले. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याचे लांब रूप काढले, तेच ‘लाँग रायफल’ या नावाने आजही जगभर चालते. शिशाची गोळी अवघी अडीच ग्रॅमची. धक्का जवळजवळ नाही, आवाज बेताचा, किंमत कमी. म्हणून ते मुलांचे काडतूस ठरले. पण याच काडतुसांच्या खोक्यावर इशारा छापलेला असतो की, गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. मुलाच्या हातात आपण देतो ती वस्तू चिमुकली असते, तिची पोच चिमुकली नसते. हे वाक्य आम्ही त्या रात्री टिपणवहीत लिहून ठेवले.

शनिवारी सगळे दुकानात गेलो. मासेमारीच्या काठ्या, रबरी बूट, पक्ष्यांना घालायचे दाणे आणि मागच्या भिंतीला ओळीने लावलेल्या बंदुका. भावाने ओळख करून दिल्यावर दुकानदाराने आम्ही कुठल्या व्हिसावर आलो आहोत असे सौजन्याने विचारले आणि तितक्याच सौजन्याने सांगितले की, तुमच्या हातात मी काही देऊ शकणार नाही. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला, काही अपवाद सोडले तर, तिथला संघराज्याचा कायदा बंदूक जवळ बाळगू देत नाही. तेव्हा निवड आमची, पण हात लावायचा नाही, अशी अवस्था झाली. समीक्षकाला ही अवस्था काही नवी नाही. पुतण्याच्याही नावावर काही विकता येत नव्हते, कारण १९६८च्या कायद्यानुसार दुकानदार अठरा वर्षांखालील कोणाला रायफल विकू शकत नाही. विकत घेणार वडील, देणार आजोबा, वापरणार मुलगा आणि ठरवणार आम्ही.

आजोबा शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांची एकच अट होती, रायफल जुन्या वळणाची हवी. प्लास्टिकचा काळा दस्ता नको, अक्रोडाचे लाकूड हवे. त्यांनी तीन पर्याय काढून ठेवायला सांगितले होते.

पहिली होती लिव्हर खाली ओढून भरायची, काउबॉय चित्रपटांत दिसते तशी. नळीखालच्या नळकांड्यात पंधरा-एक गोळ्या मावतात. ती हातात घेतली की कोणालाही आपण घोड्यावर बसलो आहोत असे वाटावे, इतकी देखणी. तिच्यावर हेन्री हे नाव होते. ते नाव १८६०च्या प्रसिद्ध रायफलीचे, पण ही कंपनी १९९०च्या दशकात सुरू झालेली. आपल्याकडे नव्या हॉटेलांना वाड्याचे खांब लावतात, तसाच हा प्रकार. दुसरी, मुलांसाठी मुद्दाम घडवलेली एकेरी रायफल, म्हणजे एका वेळी एकच गोळी. वजन अडीच-तीन पौंड, दस्ता अकरा-साडेअकरा इंचांचा, मुलाच्या हाताच्या मापाचा. तीही नवीच, वळण मात्र जुने. तिसरी खरोखरच जुनी होती, विंचेस्टरचे ‘मॉडेल ६७’. ती १९३४ ते १९६३ या काळात बनत असे. तिच्यावर क्रमांकच नव्हता. १९६८च्या कायद्याने क्रमांक सक्तीचा होण्याआधी अशा साध्या रायफलींवर तो घालत नसत. कोणीतरी कधीतरी आपल्या मुलासाठी तिचा दस्ता करवतीने आखूड केला होता. दुकानदाराने खणातून तो कापलेला तुकडा काढून दाखवला. मूल वाढले की तो दोन स्क्रूंनी परत बसवायचा.

आमच्यातल्या एकीचे मत तिथल्या तिथे झाले होते, तिन्हींपैकी एकही नको. तिने ते मराठीत, पण स्पष्टपणे बोलून दाखवले. तिच्या डोळ्यांपुढे होती ती केंटकी राज्यातली २०१३ सालची बातमी. पाच वर्षांच्या मुलाला भेट मिळालेली त्याच्या मापाची एकेरी रायफल घरात कोपऱ्यात उभी होती. ती रिकामी आहे असा सर्वांचा समज होता, आणि त्या मुलाच्या हातून दोन वर्षांची बहीण गेली. “एकच गोळी मावते म्हणून सुरक्षित, हा कसला युक्तिवाद?” तिने विचारले. “एकच पुरते.”

दुसरा काही बोलला नाही. तो भावाच्या डाव्या भुवईकडे पाहत होता.

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे. १९९०चा मे महिना, भोगावतीकाठचे आजोळ. आमच्यातला थोरला तेव्हा बारा वर्षांचा, धाकटा आठ. मामाकडे छऱ्याची बंदूक होती, नळी मोडून एक छरा घालायची. मामाने नेम धरायला शिकवले ते द्रोणाचार्यांची गोष्ट सांगून. झाड दिसता कामा नये, फांदी दिसता कामा नये, पोपटाचा डोळा तेवढा दिसला पाहिजे. दुपारी मोठी माणसे आडवी झाल्यावर थोरल्याने परड्यातल्या आंब्यावरच्या एका कैरीवर नेम धरला. मामाने सांगितल्याप्रमाणे त्याला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, फक्त कैरी दिसली. तिच्या मागच्या पानोळ्यात धाकटा चढून बसला होता. कैरी हुकली. छरा भुवईच्या हाडावर बसला. अर्धा इंच खाली असता तर काय झाले असते, हे चौतीस वर्षे आम्ही शब्दांत आणलेले नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन टाके घातले. परतताना आजीने निवाडा दिला, “झाडावरनं पडला म्हणून सांगा. जावईबापूंच्या कानावर जाता कामा नये.” बंदूक माळ्यावर गेली. वडील ‘झाडावरून पडला’ हेच खरे मानून २००९ साली गेले. आई आजही तेच मानते. धाकट्याने आठव्या वर्षी शिकवलेले वाक्य कधीही मोडले नाही, आणि थोरल्याने त्याची माफी कधी मागितली नाही. माफी मागायची तर ते वाक्य मोडावे लागले असते.

पुढे एम.ए.ला आदिपर्व वाचताना लक्षात आले की, मूळ कथेत पोपट नाही आणि डोळाही नाही. कारागिरांकडून करवून घेतलेला भास नावाचा कृत्रिम पक्षी झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला असतो आणि अर्जुनाला त्याचे फक्त मस्तक दिसते. युधिष्ठिर नापास होतो, कारण त्याला झाड दिसते, गुरू दिसतात, भाऊ दिसतात. भाऊ दिसतात म्हणून नापास! हा श्लोक वर्गात शिकवताना आमच्यातल्या एकाचा आवाज नेहमी थोडा अडतो, हे दुसरीला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. कारण मात्र बरेच उशिरा कळले.

दुकानातून त्या दिवशी काही न घेताच परतलो. संध्याकाळी आजोबांनी पुतण्याकडून नियम म्हणवून घेतले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे. जे नष्ट करायचे नाही, त्याच्याकडे नळीचे तोंड वळवायचे नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही. आणि आपले लक्ष्य कोणते आहे, त्याच्या मागे काय आहे, हे पाहिल्याशिवाय गोळी झाडायची नाही. मुलगा पाढे म्हणावेत तसे म्हणत होता. चौथ्या नियमाशी आम्ही दोघेही थांबलो. द्रोणाचार्य सांगतात, लक्ष्याखेरीज काही पाहू नकोस. हा निवृत्त सुतारकाम शिक्षक सांगतो, लक्ष्याच्या मागचे पाहा. एकाचे शिष्य योद्धे होणार होते, म्हणून त्यांचा पक्षी लाकडी असला तरी पुढचे लक्ष्य माणूस होता. दुसऱ्याला नातू सुखरूप घरी यायला हवा होता. आमच्या मामाने आपली जुनी गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगितली होती. ती परड्यात खेळणाऱ्या मुलासाठी नव्हती, एवढेच.

त्या रात्री आमच्यात दीर्घ चर्चा झाली. सलीम अलींचा विषय निघणे अपरिहार्यच होते. मुंबईत वाढणाऱ्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे सचिव मिलार्ड यांनी तिची ओळख पटवून दिली आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. १९८५च्या आत्मचरित्राचे नावही त्या पडलेल्या चिमणीवरूनच आहे. आमच्यातला एक म्हणाला की, बंदुकीने त्या मुलाला बिघडवले नाही, उलट पाहायला शिकवले. दुसरीने उत्तर दिले की, पाहायला बंदुकीने नाही शिकवले, पडलेली चिमणी हातात घेऊन ‘ही कोण?’ असे विचारण्याने शिकवले. मामांनी ती चिमणी लपवून ठेवायला सांगितली असती तर? ‘झाडावरून आपोआप पडली म्हणून सांग’ असे म्हटले असते तर?

यावर दुसऱ्याजवळ उत्तर नव्हते. पण आमचा निर्णय त्या क्षणी झाला. बंदूक हवी की नको यावर आमचे एकमत आजही नाही. त्या घरात ती आमच्या होकाराने किंवा नकाराने थांबणार नव्हती. आज नाही तर दोन वर्षांनी आली असती. आमच्या हातात होते ते एवढेच, की कोणती यावी आणि कोणत्या गोष्टीसह यावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही भावाला तीन गोष्टी सांगितल्या. एक, घ्यायची तर ती बिनक्रमांकाची जुनी. तिच्यात गोळी हाताने एकेकच घालावी लागते, दांडी पुढे ढकलून खाली वळवावी लागते, आणि एवढ्यानेही ती सज्ज होत नाही. दांडीच्या मागचा खटका बोटांनी वेगळा मागे ओढावा लागतो, तेव्हाच ती उडते. म्हणजे प्रत्येक गोळीआधी मुलाला थांबून एकदा विचार करायला जागा मिळते. पंधरा गोळ्यांच्या देखण्या रायफलीत ती जागाच नाही. शिवाय दस्त्याचा तुकडा मुलगा वाढल्यावरच परत जोडायचा, हेही आम्हाला आवडले. दोन, ती पोलादी कपाटात कुलपात राहील, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे. तिसरी गोष्ट सांगायला आमच्यातल्या एकाला वेळ लागला. “आधी त्याला तुझ्या भुवईची गोष्ट सांगायची. खरी. मी सांगतो.”

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणून तर तुला विचारलं, दादा. बाकी कोणाला विचारणार होतो?”

त्या रात्री मागच्या अंगणात पुतण्याला सारे सांगितले, थोडे मराठीत, थोडे इंग्रजीत. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सांगून झाल्यावर त्याने वडिलांच्या भुवईवरून बोट फिरवले आणि विचारले, “काका, मागे काय आहे ते तू बघितलंच नव्हतंस?”

“नाही.”

“तुला कोणी सांगितलं नव्हतं?”

“नाही. दुसरंच सांगितलं होतं.”

“मग तुझी एकट्याची चूक नाही,” तो म्हणाला. अकरा वर्षांच्या मुलाने दिलेला हा निवाडा आजीच्या निवाड्यापेक्षा सरळ होता. “पण नंतर तरी सांगायचं होतंस.”

तेव्हा कुठे, चौतीस वर्षांनी, थोरल्याने धाकट्याची माफी मागितली. धाकटा हसला, रडला, आणि “चल, आत चल, डास चावतायत,” एवढेच म्हणाला. आमच्या घराण्यात भावना अशाच व्यक्त होतात.

आम्ही असेपर्यंत पुतण्याने एकदाच ती रायफल चालवली. आजोबांच्या जमिनीवर, मागे मातीचा उंच बांध पाहून, कागदी लक्ष्यावर दहा गोळ्या. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज अडवणारी कर्णपट्टी. प्रत्येक वेळी खटका ओढण्याआधी तो मान वर करून बांधाकडे पाहत होता. आजोबा म्हणाले, एवढे दर वेळी पाहायची गरज नाही, बांध कुठे जात नाही. त्याने तरीही पाहणे सोडले नाही. शनिवारी दहाच गोळ्या, आणि प्रत्येकीची नोंद वहीत, असा त्याने स्वतःहून नेम केला आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या संध्याकाळी आमच्या आधी पुतण्याचाच फोन आला. “काका, ती पॉइंट टू-टू आहे! आणि तो बाबांच्या आजोळच्या तालुक्यातला आहे!” २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच, हे आम्ही त्याला सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले असावे. एका मापाच्या काडतुसाला किती गावे लागून असतात, हे पाहून आम्हाला नवल वाटले. तेच केंटकीत, तेच पॅरिस ऑलिंपिकमध्ये.

आमच्यातल्या एकीला अजूनही वाटते की ती रायफल त्या घरात नसती तर बरे झाले असते. आठवड्यातून एकदा ती जावेला किल्ल्यांविषयी विचारते, आणि जाऊ न चिडता उत्तर देते. हा तिचा नेम.

असो. येत्या दिवाळीला भाऊ सहकुटुंब येतो आहे. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ‘झाडावरून पडला’ हे वाक्य तिच्यापुढे मोडायचे, असे दोघा भावांनी ठरवले आहे. ती काय म्हणेल, याचा काही नेम नाही.